राजवाड्यातल्या संत्र्याची काडी

हे आमच्या घरात कोणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही — तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. लिहायला बसले की दुकानातलं एखादं काम आठवतं. उठते, ते करते. काम संपतं, आणि हे पुन्हा समोर.

चिखलीत आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. परवाना माझ्या नावावर आहे आणि गल्ल्यावरही मीच बसते. नवरा माल आणतो, पोचवतो. मी फार गोड बोलणारी बाई नाही. ज्या औषधानं फरक पडणार नाही ते मागितलं तर मी देत नाही, तोंडावर सांगते, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालतं. आणि ते परत येतं. आसपासच्या गावांत माझ्याबद्दल एकच गोष्ट बोलतात — बाई फटकळ आहे, पण खोटं सांगणार नाही. हे ऐकायला मला आवडतं. आजही आवडतं. हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमनबाई, सोनाळ्याला असतात. आम्ही चिखलीत आलो, थोरल्या दिरांनी गावची शेती धरली. दीर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाईंचा मुलगा संदीप तेव्हा कॉलेजात होता. तिकडे संत्र्याच्या बागा आहेत हे तुम्हाला ठाऊक असेल. बाईंनी बागेच्या कडेला कलमांची रोपवाटिका काढली आणि ती अशी चालवली की दोन तालुक्यांतले लोक रोपं न्यायला त्यांच्याकडे येऊ लागले.

हे काम कसं असतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. चांगल्या, भरपूर फळणाऱ्या झाडाची एक काडी घ्यायची. तिची पानं काढायची, पण पानाचा देठ ठेवायचा. देठाच्या बगलेत जो कोंब झोपलेला असतो त्याला डोळा म्हणतात. तो डोळा सालीसकट काढून जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपात बसवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचा. झालं. पण डोळा कुठल्या झाडाचा होता हे नेणाऱ्याला दिसत नाही. ते चार-पाच वर्षांनी कळतं, फळ आल्यावर. तोवर त्यानं पाणी, खत, मजुरी सगळं घातलेलं असतं. म्हणजे माणूस रोप नेतो तेव्हा खरं तर बाईंचा शब्द घेऊन जात असतो. बाईंच्या हातचं रोप कधी वेगळं निघालं नाही.

त्यांना झाडाचं वेड होतं, आणि त्यावरून सगळे त्यांना हसायचे. सुमनबाई लग्नाला गेल्या तर नवरीआधी मांडवाला बांधलेली आंब्याची डहाळी पाहतात, असं माझा नवरा म्हणायचा. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना हात लावल्याशिवाय त्या झाडापुढून सरकत नसत. त्याही हसायच्या. पण न विचारता कधी कोणाचं पान तोडलेलं मी पाहिलं नाही. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

तर, संदीपनं ठरवलं की आईला युरोप दाखवायचं. एकटी कशी जाईल म्हणून सोबतीला मला गळ घातली. खरिपाची गर्दी ओसरली होती, नवरा दुकान सांभाळायला तयार होता, मी हो म्हटलं. गटात बहुतेक पुण्या-मुंबईचे लोक. बाई पहिल्याच दिवशी बसमधे सगळ्यांशी बोलायला लागल्या, आपल्या घरच्या बोलीत, मोकळ्या गळ्यानं. कोणी हसलं तर त्या आणखी सांगायच्या. मी मात्र त्या गटात जरा जपून, पुस्तकी बोलत होते. एकदा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लते, तू चिखलीची हाय का पुन्याची? कालपासून तुह्यी भाषा मले समजून नाही राह्यली." बस हसली. मीही हसले. मनात राग आला होता.

बाईंनी पूर्ण सहलीत एकच गोष्ट मागितली होती — व्हिएन्नाचा राजवाडा नीट, सावकाश पाहायचा. त्यांच्या माहेरी गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणावर पिवळ्या राजवाड्याचं चित्र. त्या डब्यात त्यांच्या आईची सुई-दोऱ्याची सामग्री असे. तो आणि हा राजवाडा एकच की काय, कोण जाणे. बाईंना मात्र खात्री होती. डोंगर, बर्फ, बोटी, सगळं त्या कौतुकानं पाहत होत्या, पण वाट त्या पिवळ्या वाड्याची पाहत होत्या.

व्हिएन्ना आमचा शेवटचा मुक्काम होता. राजवाडा खरंच पिवळा निघाला. केवढा मोठा ते सांगायला माझ्याकडे माप नाही. समोर अंगण, मागे बाग, बागेच्या टोकाला टेकडी. आत जायची आमच्या गटाची वेळ ठरलेली होती, तोवर बागेत फिरा असं टूर मॅनेजरनं सांगितलं. आणि तिथे, बागेच्या वाटेवर, लाकडी पेट्यांमधे ओळीनं संत्र्याची झाडं लावलेली.

बाई त्यांच्यापुढे हरखून उभ्या राहिल्या. इतक्या थंड मुलखात संत्रं! मॅनेजरनं सांगितलं, हिवाळ्यात ही झाडं काचेच्या घरात नेतात, उन्हाळ्यात बाहेर काढतात, राजे-राण्यांच्या काळापासून अशीच रीत आहे. बाईंनी एका झाडाचं पान दोन बोटांत धरून मागून पुढून पाहिलं, वास घेतला, सोडून दिलं. मग पिशवी माझ्याकडे दिली आणि बाथरूम शोधायला गेल्या.

आता मी काय केलं ते सांगते.

मी काडी तोडली. चांगली, पेन्सिलीएवढी, फुगलेल्या डोळ्यांची काडी. आमच्याकडे बायकांची एक समजूत आहे, की विकत घेतलेल्या झाडापेक्षा चोरून आणलेली फांदी हटकून जगते. मनीप्लॅन्ट, गुलाब, मोगरा — चांगल्या घरच्या बायका शेजाऱ्याच्या कुंडीतून काडी मोडतात आणि हसत सांगतात. पण मी त्या समजुतीमागे लपणार नाही. परदेशातून अशी काडी आणता येत नाही, तिच्यासोबत रोग येतो, हे मला माहीत आहे. माझा धंदाच तो. तरी तोडली. का? दुकानापुढे एक झाड लावायचं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं होतं, हे राजवाड्यातलं संत्रं आहे. एवढंच. चिखलीत असं दुसऱ्या कोणाकडे नसतं.

बाकावर बसून मी पानं खुडली, देठ ठेवले. पाण्याच्या बाटलीतून कागदी रुमाल भिजवला, काडीभोवती गुंडाळला. बाईंच्या पिशवीत रोपवाटिकेच्या पट्ट्या नेहमी असायच्या, या सहलीतही होत्या, बॅगांना खूण म्हणून बांधायला. त्यातली एक काढली आणि बांधली. खालून वर, शेवटच्या वेढ्यात टोक अडकवून — जशी त्या बांधतात तशी. मला त्यांनीच शिकवलं होतं. लग्न होऊन सोनाळ्याला आले त्या वर्षी, त्या घरच्या बागेपुरती कलमं बांधत तेव्हा, बागेत शेजारी बसवून. ते बांधलेलं भेंडोळं मी माझ्या पर्समधे टाकलं.

इथवर हे काय आहे? एका अडाणी हव्यासाची चोरी. त्यासाठी मी हे लिहायला बसले नसते.

थोड्या वेळानं वाटेवरून गणवेशातली एक बाई येताना दिसली. तिच्यासोबत हिरवा एप्रन घातलेला माळी. माळी झाडाकडे बोट दाखवत होता, मग आमच्या गटाकडे. साडीवर स्वेटर घातलेल्या बायका आमच्यात पुष्कळ होत्या, मीही त्यातलीच. लांबून त्याला चेहरा दिसला नसणार. ती दोघं मॅनेजरशी बोलायला लागली. मॅनेजरचा चेहरा बदलला. तो सगळ्यांना जवळ बोलवू लागला.

माझ्या मांडीवर दोन पिशव्या होत्या. माझी पर्स आणि बाईंची कापडी पिशवी. मी भेंडोळं पर्समधून काढलं आणि कापडी पिशवीत, औषधाच्या डबीखाली सरकवलं.

घाबरून हात आपोआप गेला, असं मला लिहिता आलं असतं. तसं नव्हतं. मी आधी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नाही ना, याची खात्री केली. मग सरकवलं. आणि मनात जो विचार आला तोही आठवतो — बाईंचं कोणाला काही वाटणार नाही, त्यांचं झाडाचं वेड सगळ्यांना ठाऊक आहे. माझा परवाना आहे, माझं नाव आहे. त्यांचं काय जाणार आहे?

त्यांचं काय जाणार आहे. असा विचार मी केला.

बाई परत आल्या तेव्हा बॅगा उघडणं सुरू झालं होतं. माझी पर्स पाहिली, काही नाही. मग त्यांची पिशवी. गणवेशवाल्या बाईनं ते भेंडोळं वर काढलं, सोडून पाहिलं आणि माळ्याला दिलं. सुमनबाई आधी नुसत्या पाहत राहिल्या. मग मॅनेजरला म्हणाल्या, मी नाही तोडली. साध्या आवाजात, जसं आपण वेळ सांगतो तसं. गटातल्या एक बाई म्हणाल्या की मघाशी झाडाला हात लावताना आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या कोणी म्हणालं, अशी माणसं आणायचीच कशाला. हळू म्हणालं, पण ऐकू आलं.

मग माळ्यानं काडी सुमनबाईंपुढे धरली. कागद सुटलेला, पट्टी लोंबत होती. बाईंनी ती हातात घेतली. पानं खुडलेली पाहिली. ठेवलेले देठ पाहिले. पट्टीचं टोक कुठे अडकवलं होतं ते बोटानं चाचपलं. आणि त्यांचा चेहरा — मी या जागी पुष्कळ शब्द लिहून खोडले. त्या खचल्या, एवढंच लिहिते. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लते, हे तं माह्याच हातचं बांधनं हाय व. मी कवा तोडली?"

मी माझ्या पर्सची चेन लावली.

एक शब्द पुरे होता. तेवढ्या माणसांत, परक्या देशात, माझी नाचक्की झाली असती, घरी येईपर्यंत जिरलीही असती. माळी काडी घेऊन गेला. दंड नाही, पोलीस नाही, गणवेशवाली बाई दोन वाक्यं बोलून निघून गेली. म्हणजे खरं सांगितलं असतं तर मलाही काही झालं नसतं. हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. तरी सांगितलं नाही. कारण आता काडीसोबत पिशवीचंही सांगावं लागलं असतं.

या सगळ्यात आमच्या गटाची आत जायची वेळ टळली होती. मॅनेजरनं विनवण्या करून नंतरची वेळ मिळवली, पण घाईघाईत पाहावं लागणार होतं. लोक चिडले. बाईंनी सगळ्यांपुढे हात जोडले, एकेकापुढे जाऊन. माझ्यापुढेही जोडले. मी त्यांचे हात धरून खाली केले. सगळ्यांना वाटलं, जाऊ किती समजूतदार आहे.

आत त्या आल्या नाहीत. दाराशीच एका बाकावर बसल्या. मी चला म्हटलं तर म्हणाल्या, "नाही. अंदर कशाले हात लागला तं? मले आता भरोसा नाही माह्या हाताचा." त्यांना बाहेर सोडून मी आत गेले. होय, गेले. सोन्याचा मुलामा दिलेल्या भिंती, आरसे, झुंबरं, राणीचा पलंग. कानाला लावायचं यंत्र दिलं होतं, ते सगळं सांगत होतं. ही राणी सोळा मुलांची आई होती म्हणे. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत राहिले. परत आले तेव्हा बाई पिशवी मांडीवर पालथी करून एकेक वस्तू तपासत होत्या.

इथे संपलं असतं तर? तरी मी दोषीच होते. पण ते इथे संपलं नाही.

घरी पोचल्यावर बाईंनी संदीपला आणि सुनेला हे स्वतः सांगितलं. मी दडवायला शिकवलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. काडी तोडली, निगुतीनं गुंडाळली, बांधली, आणि मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही, असं त्या सांगायच्या. आधी हसत सांगत. मग हसणं गेलं. चोरी केली याचं त्यांना नंतर फारसं काही राहिलं नव्हतं. आठवत नाही, याचं राहिलं.

मग डोळे बांधायचा हंगाम आला. बाई वाफ्याशेजारी पाटावर बसायच्या, डोळा काढायच्या, आणि थांबायच्या. ही काडी कुठल्या झाडाची? संत्र्याची की बांधावरच्या मोसंबीची? सुनेला हाक मारून विचारायच्या. ती सांगायची, तुम्हीच तर आत्ता तोडून आणली. तरी त्यांचं समाधान होईना. काड्यांच्या जुड्यांना चिंध्या बांधायला लागल्या, रंगीत. मग कोणता रंग कशाचा याचीच धास्ती. त्या वर्षी एका वाफ्यातली काही कलमं सुकली. ती दरवर्षीच सुकतात, कोणाचीही. बाईंनी ठरवलं, आपण काहीतरी चुकलो.

संदीप एकदा औषध न्यायला चिखलीत आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. चहा झाला तरी तो उठेना. मग म्हणाला, "काकू, तुम्ही सोबत होत्या. तुम्ही खोटं सांगनार नाही म्हनून इचारतो. आई तिथं विसरत होती का?"

पाहा, त्यानं मला काय म्हणून विचारलं.

मी म्हणाले, थोडं विसरायच्या. एकदा हॉटेलात खोली चुकल्या होत्या.

हे खरं होतं. एका हॉटेलात लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून बाई दुसऱ्याच खोलीच्या दारात किल्ली घालत होत्या. मीही त्यांच्यासोबत होते. मीच तो मजला दाबला होता. त्या हॉटेलात आमच्यातले निम्मे लोक चुकले होते. पण संदीपपुढे मी एवढंच सांगितलं, आणि चेहरा जड केला. मला त्या क्षणी काय वाटत होतं सांगू? बाई खरंच विसरत असतील तर बरं, असं वाटत होतं. म्हणजे मग मी त्यांचं काही नेलं नाही, असं झालं असतं.

संदीप त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्याची काही चूक नाही, चांगला मुलगा आहे. डॉक्टरांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. बाई इतक्या भेदरलेल्या होत्या की येत होतं तेही आलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप यायला लागली, बोलणं मंद झालं. ते मंद बोलणं पाहून घरच्यांची खात्री पटली. कपाटाची किल्ली सुनेकडे गेली. पैसे द्यायचे-घ्यायचे बंद झाले. दुसऱ्या वर्षी बाईंनी स्वतःच रोपवाटिका बंद करायला सांगितलं. लोकांची पाच-पाच वर्षं माझ्या भरवशावर जातात, आणि माझाच मला भरवसा नाही, असं त्या म्हणाल्या. हे ठरलं तेव्हा मीही त्या घरात होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वाफ्यांच्या जागी आता हरभरा पेरतात.

मला माहीत असूनही मी कधी तिथे जायचं टाळलं नाही. सणावाराला जाते. फराळ नेते, साडी नेते. बाई ओसरीवर बसलेल्या असतात. माणसं ओळखतात, जुनं सगळं सांगतात, नातवाचा अभ्यास घेतात. पाढे चुकत नाहीत. हे मी पाहते. घरातल्यांनाही दिसत असेल, पण ते म्हणतात, आज बरी आहे. बरी असलेल्या दिवसांची त्यांनी कधी मोजणी केली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं सोनाळ्याला गेलो होतो. संदीपनं विहिरीवर नवा पंप बसवला, त्या निमित्तानं जेवण होतं. जेवणं झाल्यावर बाजूच्या गावचा एक शेतकरी आला, बाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं कुठून तरी काडी आणली होती, डोळे धरतील का एवढं बाईंनी पाहून सांगावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं काडी पुढे केली. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाल्या, मला नको विचारू बापू, दुसऱ्या कोणाला दाखव. तो गेला. हात पदराखालीच राहिले.

सगळी माणसं अंगणात होती. ओसरीवर आम्ही दोघीच. मी त्यांच्याजवळ सरकले आणि सांगितलं. सगळं. काडी मी तोडली, मीच बांधली, माणसं येताना पाहून तुमच्या पिशवीत मीच सरकवली. तुम्ही काहीएक विसरला नव्हता. तुमचं डोकं तेव्हाही ठीक होतं, आताही आहे. मी रडले नाही, आवाज चढवला नाही. दुकानात बोलते तसं बोलले.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग पदरातून एक हात बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. हसल्या. कितीतरी दिवसांनी.

"राहू दे व," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी एवढं खोटं नको बोलू. तुले जमत नाही ते. ते बांधनं माह्याच हातचं होतं, मी ओयखत नाही का?"

मी तुमच्याकडूनच शिकले होते बांधायला, हे मला म्हणता आलं असतं. त्या वर्षीची, बागेतली आठवण करून देता आली असती. पट्टी मागवून तिथेच, त्यांच्यापुढे बांधून दाखवता आली असती. घरात पट्ट्या अजून पडलेल्या आहेत. मी यातलं काही केलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलंसुद्धा नाही. मला हायसं वाटलं. सांगून झालं होतं आणि काही झालंही नव्हतं. लिहिताना हात थांबतो, पण हायसं वाटलं, हेच खरं आहे.

ज्या एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला, त्याच माणसाला मी खरं सांगितलं. ज्यांनी ऐकताक्षणी खरं मानलं असतं ते दोघं, संदीप आणि माझा नवरा, समोर अंगणात पंपाच्या वायरबद्दल बोलत होते. संदीपनं विचारलं, काकू, निघालात? मी हो म्हटलं, पायात चपला घातल्या, आणि गाडीत जाऊन बसले.